श्रोत्याचे सुतक

घरातील कर्ता पुरुष गेला, की दहा दिवस सुतक पाळण्याची आपल्याकडे रीत आहे. कोणी किती दिवस पाळायचे आणि कोणाला केवळ स्नान पुरेसे, हे शास्त्राने नात्याच्या जवळिकीवरून ठरवून दिले आहे. त्या यादीत प्रत्येक आप्ताचे स्थान निश्चित आहे. ज्याने आयुष्यभर एखाद्या गायकाचे गाणे ऐकले, त्या श्रोत्याला मात्र तेथे जागा नाही. २४ जानेवारी २०११ रोजी सकाळी पंडित भीमसेन जोशी यांचे पुण्यात निधन झाले आणि वैकुंठ स्मशानभूमीत शासकीय इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या दिवशी धारवाडपासून नागपूरपर्यंत आणि पणजीपासून सातासमुद्रापलीकडच्या मराठी घरांपर्यंत असंख्य माणसे आतून हलली. त्यांतील बहुतेकांचे पंडितजींशी एका शब्दाचेही बोलणे झालेले नव्हते. तरीही आपल्या घरातले माणूस गेले, ही त्यांची भावना खोटी नव्हती.

त्याला आता अनेक वर्षे लोटली आहेत. दरवर्षी २४ जानेवारीला पुण्यतिथी येते आणि अवघ्या अकरा दिवसांनी, ४ फेब्रुवारीला, जयंती. या दोन तिथींच्या मधल्या दिवसांत जुन्या श्रोत्याच्या घरी जुन्या ध्वनिफिती निघतात. 'शुद्ध कल्याण' लागतो, 'मियाँ की तोडी' लागते, आणि शेवटी ठरलेले वाक्य उच्चारले जाते : 'आता तसे गाणे होणे नाही.' या वाक्यात प्रेम आहे, कृतज्ञता आहे आणि दुःखही आहे. परंतु ते वर्षानुवर्षे उच्चारले गेले, की त्याचे काय होते, याचा विचार रसिकांनी करण्याची वेळ आता आली आहे. सुतक हे पाळण्यासाठी असते, तसेच ते फिटण्यासाठीही असते.

श्रोत्याचे हे दुःख नेमके कशाचे, हा पहिला प्रश्न. गायक गेला तरी गाणे उरले आहे, असे सांत्वन सहज केले जाते. ते खोटेही नाही. पंडितजींचे जेवढे गायन ध्वनिमुद्रित झाले आहे, तेवढे पूर्वीच्या पिढ्यांतील कोणत्याही थोर गवयाच्या वाट्याला आले नाही. गेल्या शतकाच्या आरंभीच्या कलावंतांचे आज जे हाती आहे, ते तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांपुरते. भीमसेनजींचा एकेक विलंबित ख्याल मात्र पाऊण-पाऊण तास ऐकता येतो. मग हळहळ कशाची?

हळहळ आहे ती मैफलीची. ध्वनिमुद्रिका श्रोत्याला सर्व काही देते, पण ती श्रोत्याकडून काहीही घेत नाही. आपल्या संगीतात श्रोता हा केवळ ग्राहक नसतो. तंबोरे जुळत असताना मंडपात पसरणारी शांतता, षड्ज लागताच अभावितपणे हलणारी मान, समेवर एकाच क्षणी शेकडो मुखांतून उमटणारा हुंकार, हे सारे गायकापर्यंत पोहोचते आणि त्याच्या पुढच्या आवर्तनात मिसळते. आज गायिलेला राग उद्या तसाच गायिला जात नाही, याचे एक कारण समोर बसलेला श्रोता हेही असते. ज्याने रमणबागेच्या मैदानावर थंडीत शाल गुंडाळून, भारतीय बैठकीत मांडीला मांडी लावून पंडितजींचे गाणे ऐकले, त्याचा त्या गाण्यात अंशमात्र का होईना, वाटा होता. त्याच्यापुरता हा वाटा २४ जानेवारी २०११ रोजी कायमचा संपला. तबकडी कितीही स्वच्छ वाजली, तरी तिला दाद ऐकू येत नाही.

दुसरेही एक कारण आहे, आणि ते अधिक खासगी आहे. दीर्घकाळ ऐकलेला आवाज माणसाच्या वयाला चिकटून राहतो. विद्यार्थीदशेत वसतिगृहातील आकाशवाणी संचावर ऐकलेला 'पूरिया धनाश्री', पहिल्या पगारातून घेतलेली ध्वनिफीत, मुलीच्या बारशाच्या दिवशी घरात लागलेली 'संतवाणी', वडील गेल्यानंतरच्या सुन्या संध्याकाळी सोबतीला राहिलेला 'मारवा' : अशा खुणांनी श्रोत्याचे आयुष्य आखलेले असते. गायक जातो, तेव्हा या खुणा रोवणारा हातच नाहीसा होतो. श्रोता तेव्हा गायकाबरोबर स्वतःच्या गेलेल्या वर्षांसाठीही रडत असतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र हे ध्यानात घेतलेले बरे, कारण आपल्या तारुण्याच्या आठवणीला संगीताचा सुवर्णकाळ समजण्याची चूक येथूनच सुरू होते.

ही चूक निरुपद्रवी नाही. 'तसे गाणे आता नाही' असे म्हणणारा श्रोता हळूहळू मैफलींना जाणे सोडतो. गेलाच, तर तो कानांत जुना आवाज भरून जातो आणि समोर बसलेल्या तरुण गायकाचे गाणे त्या आवाजाच्या मापाने मोजतो. पंडितजींच्या शिष्यांच्या वाट्याला तर विचित्र न्याय येतो. ते गुरूसारखे गायिले, तर 'नक्कल' म्हणून मोडीत निघतात आणि वेगळे गायिले, तर 'तालीम विसरले' म्हणून दोषी ठरतात. शोक करणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही, की ज्या परंपरेसाठी तो अश्रू ढाळतो आहे, तिच्या आजच्या वाहकांसमोरची एक खुर्ची त्यानेच रिकामी केली आहे. संगीताची परंपरा गायकांच्या मृत्यूने तुटत नाही. गायक मर्त्य आहेत, हे गृहीत धरूनच गुरुशिष्य परंपरेची रचना झाली आहे. ती तुटते श्रोत्यांच्या अभावाने, आणि श्रोत्यांची शिष्यपरंपरा चालविण्याची व्यवस्था कोणी केलेली नाही. ती ज्याची त्यानेच करायची असते.

अशा वेळी मार्ग कोठे शोधावा? तो पंडितजींच्या चरित्रातच आहे. कारण ते गायक होण्याआधी श्रोते होते, आणि शोक त्यांच्याही वाट्याला आला होता.

४ फेब्रुवारी १९२२ रोजी गदग येथे एका शिक्षकाच्या घरी हा मुलगा जन्माला आला. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या झिंझोटीतील ठुमरीची तबकडी त्याच्या कानी पडली आणि असे आपल्याला गाता आले पाहिजे, या ध्यासाने १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्याने घर सोडले. ग्वाल्हेर, कोलकाता, दिल्ली, जालंधर अशी त्याची वणवण झाली. कोठे गाणे म्हणून, कोठे घरकाम करून त्याने दिवस काढले. जालंधरला पं. विनायकराव पटवर्धन भेटले. गुरू शोधण्यासाठी इतक्या दूर कशाला, तुझ्या घराजवळच कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, असे त्यांनी सांगितले. १९३६ साली रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांच्याकडे त्याची तालीम सुरू झाली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, अब्दुल करीम खाँसाहेब गेले. ज्या आवाजाने घर सोडायला लावले, तो आवाज असा निमाला. पण त्याच आवाजाच्या शिष्याकडे, कुंदगोळच्या घरात, तो सूर पुढे चालू होता. परंपरा म्हणजे काय, हे त्या पंधरा वर्षांच्या मुलाला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नसावी.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या साऱ्या प्रवासाचा आरंभ एका तबकडीपासून झाला, साक्षात मैफलीपासून नव्हे. म्हणजे ध्वनिमुद्रिकेला दाद ऐकू येत नसली, तरी ती योग्य कानात पडली, तर एखाद्याला उंबरठ्याबाहेर काढण्याचे सामर्थ्य तिच्यात असते. प्रश्न तबकडीचा नसून ती ऐकून श्रोता काय करतो, हा आहे. ती ऐकून कोणी डोळे पुसून बसतो, तर कोणी उठून गुरूच्या शोधात निघतो.

१९४६ साली पुण्यात गुरूंच्या साठीनिमित्त झालेल्या समारंभात तरुण भीमसेन गायिले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १२ सप्टेंबर १९५२ रोजी सवाई गंधर्व निवर्तले. शिष्याचे वय तेव्हा तीस होते. गुरूच्या जाण्याने खचलेल्या शिष्याने काय करावे, याचे त्याने दिलेले उत्तर आज साऱ्या देशाला ठाऊक आहे. १९५३ पासून पुण्यात गुरूंच्या पुण्यतिथीनिमित्त संगीत महोत्सव सुरू झाला. आर्य संगीत प्रसारक मंडळाने चालविलेल्या या उत्सवासाठी पंडितजींनी अर्धशतकाहून अधिक काळ स्वतःला वाहून घेतले. ज्यांचे गाणे श्रोत्यांना ऐकवायलाच हवे, अशा कलावंतांना तेथे निमंत्रण गेले, मग ते कोणत्याही घराण्याचे असोत. गायक आले, वादक आले, नर्तक आले. प्रस्थापितांच्या बरोबरीने नवोदितांना त्याच मंचावर स्थान मिळाले. स्वतः पंडितजी गायचे ते बहुधा सर्वांत शेवटी.

या शोकाची जात पाहण्यासारखी आहे. गुरूंच्या आठवणीत केवळ गुरूंच्याच चिजा गाण्याचा वार्षिक कार्यक्रम त्यांना करता आला असता. 'गुरुजींसारखे आता कोणी नाही' असे म्हणत दरवर्षी हार घालता आला असता. त्यांनी स्मृतिदिनाचे दार उघडले आणि इतरांना आत बोलावले. आपल्या गुरूचे नाव त्यांनी इतरांच्या गाण्याच्या वर छप्परासारखे धरले. त्या छपराखाली दोन-तीन पिढ्यांच्या कानांवर संस्कार झाले. कोणत्या घराण्याची बढत कशी असते, सतार आणि सरोद यांच्या स्वभावात भेद काय, तबल्याची साथ कोठे संपते आणि संवाद कोठे सुरू होतो, हे ज्या हजारो सामान्य माणसांना कळू लागले, त्यांची पाठशाळा हा महोत्सवच होता. पंडितजींच्या निधनानंतर त्या महोत्सवाला गुरूबरोबर शिष्याचेही नाव जोडले गेले आणि तो 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव' झाला, हे सर्वथा उचित आहे.

पंडितजींच्या गायनातही हाच उदारपणा होता. किराणा घराण्याची संथ, एकेका स्वराला न्याय देणारी आलापी त्यांनी गुरूकडून घेतली. परंतु ते तेथे थांबले नाहीत. केसरबाई केरकरांच्या गाण्यातील दमसास आणि उस्ताद अमीर खाँ यांच्या गायकीतील गांभीर्य यांनी त्यांना ओढ लावली, आणि जे भावले, ते आपल्या गळ्याच्या धर्मानुसार त्यांनी आत्मसात केले. मेघगर्जनेसारखी ती तान किराण्याच्या पारंपरिक चौकटीत मावणारी नव्हती. गुरूवरील निष्ठा आणि गुरूपेक्षा निराळे गाणे, यांत त्यांना विरोध दिसला नाही. भीमसेनजींची हुबेहूब प्रतिकृती शोधत फिरणाऱ्या श्रोत्याने एवढे तरी आठवावे, की स्वतः भीमसेनजी कोणाची प्रतिकृती नव्हते.

आणि हे गाणे दिवाणखान्यांत अडकून पडले नाही. संतांच्या अभंगांना त्यांनी ख्यालगायकाच्या ताकदीचा स्वर दिला. राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्यासारख्या संगीतकारांनी बांधलेल्या चालींतून 'संतवाणी' गावोगावी गेली. ज्याला राग म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, असा शेतकरी आणि वारकरीही त्या स्वरांपुढे हात जोडून बसला. कन्नडमध्ये पुरंदरदासांची पदे त्यांनी त्याच तन्मयतेने गायिली. जन्माने आणि मातृभाषेने कन्नड असलेला हा माणूस पुण्यात राहिला आणि विठ्ठलाच्या दोन्ही तीरांवरच्या भक्तांचा झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात सीमेवरून कितीही वाद होवोत, २००८ साली भारतरत्न जाहीर झाले, तेव्हा आनंद दोन्हीकडे सारखाच झाला. १९८८ साली दूरदर्शनने राष्ट्रीय एकात्मतेचे जे गीत घरोघर पोहोचविले, त्याचा आरंभ त्यांच्या भैरवीतल्या स्वरांनी व्हावा, यात योगायोग नव्हता. कौतुकाने 'हवाई गंधर्व' म्हणावे, इतका प्रवास करीत या एका कंठाने देश सांधला.

काळ मात्र थांबत नाही. ३ एप्रिल २०१७ रोजी किशोरी आमोणकर गेल्या. १७ ऑगस्ट २०२० रोजी पंडित जसराज परदेशी निवर्तले. ४ फेब्रुवारी २०२२ रोजी पंडितजींच्या जन्मशताब्दीचा दिवस आला आणि दोनच दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, लता मंगेशकर गेल्या. 'राम श्याम गुणगान'मध्ये एकत्र आलेले ते दोन स्वर स्मृतीतही असे शेजारी येऊन बसले. भीमसेनजींनंतर अनेक वर्षे महोत्सवाचा समारोप आपल्या गायनाने करणाऱ्या किराण्याच्या प्रभा अत्रे १३ जानेवारी २०२४ रोजी गेल्या. त्याच वर्षी १५ डिसेंबरला उस्ताद झाकीर हुसेन यांचा तबला थांबला. प्रत्येक वेळी 'एक पर्व संपले' हेच शब्द छापले गेले. इतकी पर्वे संपली, पण मंडप उभा आहे आणि दर डिसेंबरला कोणी ना कोणी तरुण त्या मंचावर घाबरत षड्ज लावतो आहे. त्याच्या समोर कोण बसले आहे, हा खरा प्रश्न आहे.

शासनाने आपल्या परीने स्मारके केली. पंडितजींच्या नावाने शास्त्रीय संगीतातील जीवनगौरव पुरस्कार दिला जातो, पुण्यात औंध येथे त्यांच्या नावाचे कलामंदिर आहे. हे सारे योग्यच. पण जो गायक वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी गुरू शोधत उपाशीपोटी हिंडला, त्याचे स्मारक शेवटी शिकणाऱ्या आणि ऐकणाऱ्या माणसांतच व्हायला हवे. पुरस्कार कारकीर्दीच्या अखेरीस येतो, श्रोता आरंभी लागतो. जिल्ह्याच्या गावी चालणारी संगीत सभा, गणेशोत्सवातील एखादी शास्त्रीय गायनाची संध्याकाळ, गुरुपौर्णिमेला एखाद्या संगीत विद्यालयात होणारे विद्यार्थ्यांचे गायन, येथे पन्नास माणसे अधिक बसली, तर तेथील तरुण गायकाला जे बळ मिळेल, ते कोणत्याही सन्मानचिन्हाने मिळणार नाही.

परिस्थिती बदलली आहे, हे खरे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यावर बंधन आले. रात्रभर चालणाऱ्या आणि पहाटे 'ललत' किंवा 'तोडी'ने संपणाऱ्या मैफली त्यामुळे दुर्मीळ झाल्या. रात्रीच्या उत्तर प्रहरांतील राग त्या प्रहरी ऐकण्याचे भाग्य आजच्या तरुण श्रोत्याला क्वचितच लाभते. शेजारच्या आजारी माणसाची झोप हीही मोलाची गोष्ट आहे, तेव्हा नियमाला दोष देऊन भागणार नाही. परंतु पहाटेच्या मैफली भरविता येतात, बंदिस्त सभागृहे वापरता येतात, घरगुती बैठका पुन्हा सुरू करता येतात. चाळीस माणसांच्या बैठकीला ध्वनिक्षेपक लागतच नाही. तंबोऱ्यांचा खरा झंकार अशा बैठकीतच ऐकू येतो.

जुन्या श्रोत्याचे खरे काम येथे आहे. त्याच्याजवळ जे आहे, ते कोणत्याही संग्रहालयात नाही : ऐकण्याची तालीम. विलंबित ख्यालात पहिली दहा मिनिटे 'काहीच घडत नाही' असे वाटणाऱ्या नातवाला, तेथे नेमके काय घडते आहे, हे त्यानेच सांगायचे आहे. गांधार अजून का लागला नाही आणि लागेल तेव्हा काय होईल, याची उत्कंठा त्यानेच शिकवायची आहे. दाद कोठे द्यावी आणि कोठे गप्प राहावे, हे पुस्तकातून येत नाही, शेजारी बसलेल्या जाणत्याकडूनच येते. एकेकाळी त्यालाही कोणीतरी हाताला धरून मंडपात नेले होते. ते ऋण फेडायचे, तर कपाटातील ध्वनिफितींवरची धूळ झटकून भागणार नाही, कोणाचा तरी हात धरावा लागेल. आणि आनंद भाटे, उपेंद्र भट, श्रीनिवास जोशी असे पंडितजींचे शिष्य गायला बसतील, तेव्हा त्यांच्या गाण्यात गुरूला न शोधता त्यांचेच गाणे ऐकण्याचा मोठेपणा दाखवावा लागेल.

शोक करू नये, असे कोणीही म्हणणार नाही. ज्या माणसाने आपल्या आयुष्यातील हजारो तास सुंदर केले, तो गेल्यावर डोळे ओलावले नाहीत, तर ते ऐकणे व्यर्थच म्हणायचे. परंतु आपल्या पूर्वजांनी शोकालाही मर्यादा घातली. दहा दिवस चूल मंदावते, देवघर थांबते, आणि मग घर धुऊन-सारवून दार उघडले जाते. गेलेला माणूस त्यामुळे विस्मरणात जात नाही. त्याचे नाव घेऊनच पुढची कार्ये होतात, नातवाला आजोबांचे नाव ठेवले जाते. १९५३ साली एका शिष्याने आपले सुतक याच रीतीने फेडले : गुरूच्या नावाने दार उघडून.

श्रोत्यासाठी शास्त्रात दिवस सांगितलेले नाहीत, त्यामुळे त्याचे सुतक वर्षानुवर्षे लांबत जाण्याचा धोका आहे. ते फेडण्याचा विधी मात्र अगदी साधा आहे. या वर्षीच्या पुण्यतिथीला पंडितजींचा 'शुद्ध कल्याण' अवश्य ऐकावा. डोळे भरून आले, तर येऊ द्यावेत. आणि जयंतीपर्यंतच्या अकरा दिवसांत, ज्याचे नाव यापूर्वी कधी ऐकले नाही अशा एखाद्या तरुण गायकाच्या मैफलीला, शक्य तर घरातल्या एखाद्या मुलाला बरोबर घेऊन, पुढच्या रांगेत जाऊन बसावे. त्याचा षड्ज लागेल, तेव्हा मान हलली, तर सुतक फिटले असे समजावे.